एकट्याची पंगत

सेलूकर सर माझ्याशी बोलायचे बंद झाले ते एका लग्नामुळे. त्या लग्नात नवरा नव्हता, नवरी नव्हती, पाहुणा फक्त एक होता, आणि त्या एका पाहुण्याने माझी वीस वर्षांची पुण्याई धुळीला मिळवली.

नीट सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलंय.

मी दैवशाला लोमटे. गाव अंबाजोगाई, नोकरी पुण्याला. दिगंबर सेलूकर हे माझे कॉलेजातले गणिताचे सर. पण सर म्हटलं की आम्हा सगळ्यांना त्यांचं घरच आठवतं, कॉलेज नाही. दर रविवारी सकाळी नऊला त्यांच्या बाहेरच्या खोलीत आमची बैठक असायची. खोलीची एक अख्खी भिंत सरांनी काळी रंगवून तिचा फळा केला होता. पाच-सहा जणं मिळून एकच प्रश्न धरायचा, एकाने फळ्यावर लिहायचं, बाकीच्यांनी त्याला हाणून पाडायचं. एक वाजला की आतून विमलकाकूंची हाक यायची, "सुटलं का रे? नाही ना? मग आधी जेवा."

की खडू खाली आणि आम्ही जमिनीवर गोल. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. काकूंचा एक नियम होता. आम्ही सहा जणं असलो तर त्या ताटं सात मांडायच्या. "कुणी आलं तर?" एवढंच कारण. आलं कुणी तर ते ताट त्याचं. नाही आलं तर ते रिकामं ताट माझ्या आणि भागवत केंद्रेच्या मधे. कारण मी आणि भागवत शेजारी बसलो की पहिल्या घासालाच जुंपायची. काकू म्हणायच्या, "असू द्या मधे ताट. जेवणं तरी होतील."

सरांना मूलबाळ नाही. पण त्यांच्याकडे बघून तसं कुणाला वाटलं नसतं.

सरांचा जन्माचा प्रश्नही काकूंनीच दिलेला. त्याला चौतीस वर्षं झाली. काकूंच्या धाकट्या बहिणीचं गंगाखेडला लग्न होतं आणि पंगती लावायचं काम काकूंकडे आलं होतं. कुणाचं कुणाशी वाकडं, कोण कोणाच्या पंक्तीला बसणार नाही, याची यादीच त्यांनी केली होती. ती सरांपुढे टाकून त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढे गणितवाले ना? मग मला सांगा, लग्नात चार-पाच पंगती होणार. ज्यांचं बरं आहे ते सगळे एकदा तरी शेजारी आले पाहिजेत, आणि ज्यांचं वाकडं आहे ते एकदाही नाही. बसवता येतंय का?"

"बघतो," सर म्हणाले, आणि चौतीस वर्षं बघत राहिले.

गणितात याला पंगत-अनुमान म्हणतात. म्हणजे सर म्हणतात, आणि त्यांच्यामुळे आणखी शंभरेक लोक. सरांच्या गणितातली पंगत गोल असते, टोकाला बसवलं म्हणून कुणी तोंड वाकडं करायला नको. प्रत्येकाच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि ही दोन माणसं वेगवेगळी. अनुमान असं की प्रत्येक पाहुण्याचं निम्म्याहून कमी लोकांशी वाकडं असेल, तर काकूंना हव्या तशा पंगती नेहमी लावता येतात. आणखी दोन बारीक अटी आहेत, त्या सांगत नाही, तुमचं जेवण थंड होईल. अनुमान म्हणजे खरं वाटतं, पण सिद्ध झालेलं नाही. सरांनी चौदा पाहुण्यांपर्यंत सगळी लग्नं हाताने तपासली होती. वर्षाला एक, अशा चौतीस वह्या झाल्या होत्या.

आणि मग जग बदललं.

मी ज्या संस्थेत काम करते तिथे एक यंत्र आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला जावईबापू म्हणतो. थंड खोली, चोवीस तास वीज, मागेल ते हजर, आणि दाराबाहेर सगळे चपला काढून. जावईबापूंच्या पोटात दोन भाग आहेत. एक भाग सुचवणारा. तो बेधडक आहे, सेकंदाला हजारो वाटा सुचवतो, त्यातल्या बहुतेक चुकीच्या. दुसरा भाग तपासणारा. त्याला कल्पना म्हणून नाही, पण मागची ओळ आणि पुढची ओळ यांच्यात केसाएवढी फट दिसली तरी तो पुढे सरकू देत नाही. सुचवणारा चुकत राहतो, तपासणारा हाकलत राहतो, आणि शेवटी जे बाहेर पडतं त्यात चूक नसते. माणसाच्या सिद्धतेत शंका घ्यायला जागा असते, यात नाही.

फक्त एक आहे. यंत्राला प्रश्न मराठीत किंवा इंग्रजीत विचारून चालत नाही. तो एका कडक सांकेतिक भाषेत, एकेक अट मांडून लिहावा लागतो. हे माणसाचं काम, म्हणजे माझं. तपासणारा सिद्धता तपासतो. तुम्हाला जे विचारायचं होतं तेच तुम्ही विचारलंत का, हे तो तपासत नाही. तुम्ही काय लिहिलंत, एवढंच त्याला माहीत.

जावईबापू आल्यापासून गणिताची दुनिया गप्प झाली, असं मला कधीकधी वाटतं. पूर्वी एका सिद्धतेसाठी पाच माणसं वर्षभर एकमेकांचं डोकं खायची. आता एक मुलगी सकाळी प्रश्न लिहिते आणि संध्याकाळी उत्तर घेऊन घरी जाते. भांडायला कुणी लागतच नाही. सरांची रविवारची बैठक काकू असतानाच विरळ व्हायला लागली होती. सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि ती बंदच पडली. मी दर दिवाळीला म्हणायची, या वर्षी सरांकडे जाऊन येईन. दोन वर्षं गेले नव्हते. लाज वाटते सांगताना.

सरांचा यंत्राला विरोध नव्हता बरं का. "तुमचे प्रश्न विचारा की त्याला," म्हणायचे. "माझा नको. माझं मी बघीन."

या वर्षी सरांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. एक्याऐंशीत पाऊल, हजार पौर्णिमा बघून झालेल्या. भागवतने पुढाकार घेतला. तो आता लातूरला क्लास चालवतो आणि अजून माझ्याशी भांडतो. सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं, सरांना ओवाळायचं, मोठी पंगत करायची, असं ठरलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, सरांना शाल काय कुणीही देईल. मी त्यांना त्यांच्या अनुमानाची सिद्धता देणार. सगळ्यांसमोर. सर, सुटलं!

सरांना विचारलं नाही. हा माझा पहिला गाढवपणा.

तीन आठवडे खपून मी प्रश्न लिहिला. लग्न म्हणजे निदान एक पंगत होणारच, ही अट आठवणीने घातली. शून्य पाहुण्यांचं लग्न आठवणीने वगळलं. शून्यावर भल्याभल्यांचे पाय घसरतात, माझा नाही घसरणार, असा तोरा होता. एका बुधवारी सकाळी दहाला प्रश्न जावईबापूंच्या स्वाधीन केला आणि लक्ष्मी रोडला शाल आणायला गेले. निदान आठ-दहा दिवस लागतील असा माझा हिशोब होता. आमच्याकडे नियम असा आहे की निकाल लागला की त्याच क्षणी तो संस्थेच्या जाहीर फळ्यावर झळकतो. जगात कुणीही बघावा, लपवाछपवी नको.

दुकानदार तिसरी शाल उलगडत होता तेव्हा भागवतचा फोन आला.

"काय करून बसलीस बाई तू?"

"काय झालं?"

"सरांचं अनुमान पडलं! तुझ्या जावयाने नऊ मिनिटांत पाडलं. असत्य म्हणून लिहिलंय फळ्यावर, खाली तुझं नाव. मी सरांना फोन केला, म्हटलं धीर द्यावा—"

"तू सरांना सांगितलंस? मला न विचारता?"

"तू तरी कुठं विचारलंस त्यांना?"

मी विचारलं, सर काय म्हणाले?

"बरं झालं म्हणाले. सुटलो म्हणाले. आणि पंगतीचं रद्द कर म्हणाले." भागवतचा आवाज एकदम खाली आला. "दैवशाला, सर असं कधी बोलत नाहीत गं."

मी सरांना फोन लावला. उचलला नाही. तीनदा लावला, तीनदा नाही.

रिक्षातच निकाल उघडला. अनुमान असत्य ठरवायचं तर यंत्र एक उदाहरण काढून दाखवतं, असं एक लग्न की ज्यात पंगत बसतच नाही. मी उदाहरण वाचलं. पुन्हा वाचलं. आणि रिक्षात मोठ्याने हसले आणि लगेच रडायला लागले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रिक्षा बाजूला घेतली.

पाहुण्यांची संख्या: एक.

जावईबापूंनी एका पाहुण्याचं लग्न लावलं होतं. त्या बिचाऱ्याचं कुणाशीच वाकडं नाही, कारण दुसरं कुणी नाहीच. सगळ्या अटी पाळल्या गेल्या. पण पंगतीत डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं माणूस हवं, ते आणायचं कुठून? म्हणून पंगत बसत नाही. म्हणून अनुमान असत्य. तर्कात काडीची चूक नाही. चूक माझी. 'किमान तीन पाहुणे' ही अट मी लिहिलीच नव्हती. शून्य वगळला आणि एक विसरले.

विसरले तरी कशी? सरांची पहिली वही काढून बघितली, माझ्याकडे तिची प्रत होती. तिच्यातही ती अट नव्हती. चौतीस वर्षांत कुणीच ती लिहिली नव्हती. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येणार? पंगत म्हटलं की आम्हाला काकूंची खोली दिसते.

एका ओळीची दुरुस्ती. केली. पण पुन्हा पाठवायला बोट पुढे होईना. या वेळी सरांना विचारल्याशिवाय नाही, असं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली.

अंबाजोगाईला पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. सरांचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीतला फळा ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेला. दाराशी एक पोतं, तोंड सुतळीने बांधलेलं. वरच्या वहीचा कोपरा पोत्याच्या भोकातून दिसत होता. सर फळ्याखाली एकटे बसून खिचडी खात होते.

"या मॅडम," ते म्हणाले. "बसा."

मॅडम! वीस वर्षांत त्यांनी मला 'ए दैवशाला'खेरीज हाक मारली नव्हती.

"सर, मला चपलेने मारा, पण मॅडम म्हणू नका. हे पोतं कसलं?"

"रद्दी. चार वाजता माणूस येणार आहे."

"वह्या आहेत त्या!"

"खोट्या गोष्टीच्या वह्या म्हणजे रद्दीच." सर शांत होते, तेच वाईट होतं. चिडले असते तर मी निभावलं असतं. "तुमचं काही चुकलं नाही. माझ्या मरणानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलं. फक्त विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

"हो, चुकलं. शंभरदा चुकलं. पण आधी मला एक विचारा. त्या लग्नाला पाहुणे किती होते?"

"कुठल्या लग्नाला?"

"ज्या लग्नात तुमचं अनुमान मोडलं त्या. निकालाखाली असतं ते. तुम्ही वाचलंच नाही ना?"

"कशाला वाचू? चौदापर्यंत मी तपासलंय. असतील पुढं कुठंतरी चार-दोन हजार."

"एक."

"एक हजार?"

"एक माणूस, सर. एक."

सरांचा घास हातातच राहिला. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. भुवया वर गेल्या, आवाज चढला. "किमान तीनची अट कुठंय?"

"नाही घातली."

"का नाही घातली?"

"तुमच्या वहीत नाही."

"अगं, पंगतीला कधी एक माणूस असतो का? हे काय लिहून ठेवायचं असतं?"

"तेच म्हणतेय मी! कुणाला सुचेल का?"

सरांनी खाली आपल्या ताटाकडे बघितलं. खिचडी, लोणच्याची फोड, पाण्याचा तांब्या. खोलीत दुसरं ताट नव्हतं.

"असतो की," ते म्हणाले. "सहा वर्षं मी दुसरं काय करायलोय? बरोबर आहे त्या यंत्राचं. एकट्याची पंगत बसत नाही. मी रोज करून बघतोय."

दोन वर्षं, फक्त आठ तासांची बस, आणि मी आले नव्हते. मी आत गेले, मांडणीतून ताट घेतलं आणि सरांसमोर बसले. "वाढा," म्हटलं, "भूक लागलीय." रडत रडत खिचडी खाणं फार अवघड असतं. सरांनी लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मीठ कमी झालंय ना? विमल गेल्यापासून अंदाजच येत नाही."

चार वाजता रद्दीवाला आला. त्याला चहा पाजून परत पाठवला. वह्या पुन्हा कपाटात गेल्या, सालवार.

मग मी फोन काढून सरांना दाखवला. "सर, अट घातलीय. आता इथे बोट ठेवलं की प्रश्न जातो. या वेळी जे येईल ते खरंखुरं असेल. सत्य तर सत्य, नाहीतर मग खरोखरीचं मोडलेलं लग्न. पाठवायचं की नाही, तुम्ही सांगा."

सरांनी फोनकडे बघितलं. "खरं सांगू? सहा वर्षांत त्या वह्यांत मी एक ओळ लिहिली नाही. चौतिसातल्या शेवटच्या सहा कोऱ्या आहेत. तरी दर वर्षी नवी आणतो. प्रश्न शिल्लक आहे तोवर विमलशी बोलायला काहीतरी आहे. सुटला, की मग काय बोलू तिच्याशी?"

"मग नको, सर. राहू दे." आणि मनापासून म्हटलं. मी फोन पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी सर मला स्टँडवर सोडायला आले. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीवर काठी वाजवली.

"ए दैवशाला!"

त्या हाकेने माझ्या जिवात जीव आला.

"भागवतला सांग, पंगत कर म्हणावं. आणि तेव्हा विचार तुझ्या जावयाला. सगळे बसलेले असताना. एकट्याने विचारायचं नाही काही."

पंगतीला तेहतीस जण आले. कुणी नागपूरहून, कुणी बंगळुरूहून, एक जण तर अबू धाबीहून. सरांच्या हट्टामुळे कार्यालयात सतरंज्या गोल टाकल्या. आचाऱ्याला ते पटेना, वाढप्यांना पटेना, पण एक्याऐंशी वर्षांच्या माणसाशी त्या दिवशी कोण वाद घालणार? येसर आमटी, पुरी, जिलबी. ओवाळून झालं, शाल झाली. मग सरांनी माझ्या फोनवर स्वतः बोट ठेवलं आणि म्हणाले, "हं, वाढा आता."

सगळ्यांचं एक लक्ष जिलबीवर आणि एक जाहीर फळ्यावर. नऊ मिनिटं झाली, काही नाही. भात आला, ताक आलं, विडे आले. काही नाही. जावईबापू विचारात.

सरांना इतकं खूष मी कधी बघितलं नव्हतं. "काय रे भागवत, मला चौतीस वर्षं लागली म्हणून हसत होतास ना? बघ, त्यालाही घाम फुटलाय!"

"मी कधी हसलो, सर?"

"मनात हसत होतास."

त्यानंतर सरांचा रोज सकाळी मला फोन. "काय म्हणतोय?" अजून काही नाही, सर. "विचार करतोय ना पण?" करतोय, सर. "बरं, करू दे सावकाश." सात आठवडे हे चाललं. रोज बोलत होतो आम्ही. आठव्या आठवड्यातल्या सोमवारी फळ्यावर ओळ आली.

सत्य.

मी फोन केला. बोलता येईना, नुसतं "सर, सर" करत राहिले. सर म्हणाले, "कळलं गं. बस खाली, पाणी पी." आणि मग, "का सत्य?"

"म्हणजे?"

"सत्य आहे हे कळलं. पण का आहे?"

हे सर. यंत्राची सिद्धता दोन लाख बारा हजार ओळींची होती. मी यंत्राकडे सारांश मागितला. त्याने चाळीस पानांचा दिला, बिनचूक आणि बेचव. पहिल्या पानापासून चाळिसाव्या पानापर्यंत हे घेतलं, ते घेतलं, म्हणून असं झालं. का, ते कुठेच नाही. सर म्हणाले, "यातून जेवण झाल्यासारखं वाटत नाही. ये रविवारी."

मी गेले. भागवत आला. आणखी तिघं आली. सिद्धतेचे तुकडे करून वाटून घेतले, प्रत्येकाने आपला तुकडा समजून घ्यायचा आणि फळ्यावर बाकीच्यांना समजावायचा. ज्याला समजावता आलं नाही त्याला समजलं नाही, हा सरांचा जुना नियम. आता माझे शनिवार एसटीत जायला लागले. सर खिचडीऐवजी पिठलं शिकले. मीठ अजून चुकत होतं.

पाचव्या रविवारी भागवत फळ्यापाशी होता. अठ्ठ्याऐंशी हजाराव्या ओळीच्या आसपास यंत्राने एक नवीच वस्तू आणली होती. तिला त्याने नाव दिलं होतं 'घ'. यंत्र नावं अशीच देतं.

"हा घ कोण आहे, मला कळेनासं झालंय," भागवत वैतागून म्हणाला. "म्हणे पंगतीत बसतो, पण पाहुण्यांच्या मोजणीत नाही. याचं कुणाशीच वाकडं नाही. जेवत नाही, बोलत नाही. फुकटचा माणूस!"

"मग करतो काय?" मी विचारलं.

"बघ ना." त्याने एक गोल काढला, त्यावर टिंबं. "पंगत लावता लावता कुठंतरी अडतंच. दोन वाकडे लोक शेजारी येतात. तिथं हा घ मधे घुसवतो. म्हणजे ते दोघं शेजारी राहत नाहीत. पुढच्या पंगतीत घ उचलून दुसरीकडं, जिथं अडेल तिथं. असं फिरवत फिरवत शेवटी सगळ्या पंगती अशा लागतात की घ काढून घेतला तरी काही बिघडत नाही. अख्खी सिद्धता याच्यावर उभी आहे. पण हा आहे तरी काय? दोन भांडखोरांच्या मधे..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. खडू हातात धरून तो वळला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. आम्हा दोघांच्या मधे वीस वर्षांपूर्वी जे असायचं, ते आम्हा दोघांनाही एकदमच दिसलं.

"ताट," मी म्हणाले.

सर खुर्चीतून उठले, काठी न घेता फळ्यापर्यंत गेले, आणि त्या 'घ'भोवती त्यांनी बोट फिरवलं. त्यांच्या बोटाला खडू लागला.

"चौतीस वर्षं शोधत होतो," ते म्हणाले. "आणि विमल दर रविवारी माझ्यासमोर मांडत होती. आणि मी जेवत होतो."

भागवत मोठ्याने रडला. त्याचं नेहमीच असं, तो आधी रडतो. सर नाही रडले. ते फळ्याशी उभे राहून हसत होते, नव्या नवऱ्यासारखे, आणि मान हलवत होते. यंत्राला वाटलंही नसेल की आपण काय शोधलं. त्याच्या लेखी तो घ. सुचवणाऱ्याने लाखो वाटा चाचपताना त्याला ही एक लागली, तपासणाऱ्याने जाऊ दिली. त्या ओळीत कोण आहे हे ओळखायला तिथे जेवलेलं माणूस लागतं. आम्ही सरांची मुलं सोडली तर जगात तसं कुणी नव्हतं.

आमच्या नोंदीत एक रकाना असतो, वाचणाऱ्यांनी एखाद्या पायरीला नाव द्यायचं असेल तर. मी तिथेच फोनवर उघडला आणि सरांपुढे धरला. त्यांनी एकेक अक्षर बघत लिहिलं: विमलचं ताट. मग चष्मा काढून पुसला.

घड्याळात एक वाजला होता.

"सुटलं का रे?" सरांनी विचारलं. कुणाला, कोण जाणे. मग स्वतःच म्हणाले, "सुटलं. चला, आता जेवा."

मी आत जाऊन मांडणीपाशी उभी राहिले. बाहेरून त्यांची हाक आली.

"ए दैवशाला, आज किती जणं आहोत आपण?"

"सहा, सर."

"मग सात ताटं घे."